परदेशची बातमी आणि बातमीदाराची बाजू

१९२०च्या ऑगस्टमध्ये 'न्यू रिपब्लिक' या अमेरिकी साप्ताहिकाने एक लांबलचक पुरवणी काढली. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोघा पत्रकारांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मार्च १९१७ ते मार्च १९२० असे तीन वर्षांचे अंक काढून, रशियाबद्दल काय काय छापून आलं होतं ते तपासलं होतं. लेनिनच्या बोल्शेविकांचं, म्हणजे रशियातल्या साम्यवाद्यांचं सरकार आता पडतंय किंवा पडलंच, अशा अर्थाचा मजकूर त्यांना ९१ वेळा सापडला. लेनिन कधी पळायच्या बेतात होता, कधी पळून गेलेला होता, कधी तुरुंगात होता, एकदा तर ठारही झाला होता. हे सगळं छापून येत असताना सरकार मात्र जागच्या जागी होतं.

लिपमन आणि मर्झ यांना यात कट दिसला नाही. कुणी पैसे चारले, कुणी मुद्दाम खोटं रचलं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. बोल्शेविक जावेत असं अमेरिकेतल्या बहुतेकांना मनापासून वाटत होतं, आणि त्यात संपादकही आले. मग स्टॉकहोम, कोपनहेगन, हेलसिंकीकडून येणारी, रशियातून पळून आलेल्यांनी सांगितलेली वावडीसुद्धा खात्रीलायक वाटायला लागते. बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनातली आशा आणि भीती हेच यातले मुख्य सेन्सॉर आणि हेच मुख्य प्रचारक, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

परदेशी राजकारणाच्या बातम्यांमधला पक्षपात समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विकला गेलेला पत्रकार येतो. तसे पत्रकार असतात, पण ते पकडायला तुलनेने सोपे. अवघड प्रकरण असतं ते प्रामाणिक माणसाचं, ज्याला एक गोष्ट खरी असावी असं वाटतं आणि म्हणून ती कमी पुराव्यावर पटते.

हे देशांतर्गत बातमीतही होतं. पण तिथे एक चाप असतो. शहरातल्या मोर्चाची बातमी चुकली तर मोर्चात गेलेले लोकच दुसऱ्या दिवशी संपादकाला फोन करतात. हजारो किलोमीटरवरच्या मोर्चाबद्दल चुकीचं छापलं तर फोन कोण करणार? ज्यांच्याविषयी लिहिलंय ते वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांना पडताळायची सोय नाही. परदेशी बातमीतली चूक म्हणूनच वर्षानुवर्षं टिकू शकते.

त्यात ही बातमी एकट्या माणसाची कधीच नसते. घटनास्थळी बहुतेकदा स्थानिक स्ट्रिंगर असतो, ज्याला बातमीमागे पैसे मिळतात. बाहेरून आलेल्या बातमीदाराला भाषा येत नसेल तर फिक्सर लागतो. हा फिक्सर गाडी ठरवतो, मुलाखती जमवतो, दुभाष्याचं काम करतो आणि कुठे जाणं धोक्याचं आहे तेही सांगतो. थोडक्यात, बातमीदाराला कोण भेटणार आणि कोण नाही, यावर त्याचा मोठा हात असतो. मग कॉपी जाते मुख्यालयातल्या डेस्कवर. तिथला उपसंपादक ती वृत्तसंस्थांच्या बातम्यांशी ताडून पाहतो, कापतो, कधी दोन बातम्या एकत्र करतो. मथळा आणखी तिसराच कुणीतरी देतो. वाचकाला शेवटी दिसतं ते वर छापलेलं एक नाव, आणि आपण सगळा राग किंवा सगळा विश्वास त्या नावावर टाकतो.

वृत्तसंस्थांचाही एक इतिहास आहे. १८७० साली लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ या संस्थांनी करार करून जगाचे चक्क विभाग पाडून घेतले होते, कुठली बातमी कुणी गोळा करायची आणि कुणी विकायची याचे. वसाहतींबद्दलच्या बातम्या वसाहतवाल्यांच्याच चष्म्यातून जगभर गेल्या, त्याचं हे एक साधं व्यावहारिक कारण. १९७०च्या दशकात अलिप्त देशांनी यावरून युनेस्कोत मोठा वाद घातला आणि १९८० साली युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल आला. पण 'समतोल बातमीप्रवाहा'च्या त्या मागणीत आपापल्या देशातली वृत्तपत्रं मुठीत ठेवणारी सरकारंही मोठ्या आवाजात सामील होती. त्यामुळे रास्त तक्रार संशयास्पद होऊन बसली.

आता मॉस्को, १९३३. युक्रेनमध्ये आणि उत्तर कॉकेशसमध्ये लाखो माणसं उपासमारीने मरत होती. मॉस्कोत परदेशी बातमीदार होते, पण त्यांची प्रत्येक तार आधी सोव्हिएत परराष्ट्र खात्याच्या सेन्सॉरकडे जायची. दुष्काळी भागात जायला परवानगी लागायची आणि ती मिळत नव्हती. फार बोचरं लिहिलं तर देशात राहण्याची परवानगीच जायची. तिथे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बातमीदार होते वॉल्टर ड्युरँटी. त्यांना रशियावरच्या लेखनासाठी १९३२ सालचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं आणि स्टालिनची मुलाखतही मिळाली होती.

मार्चमध्ये गॅरेथ जोन्स नावाचा वेल्श तरुण पत्रकार तिथे आला. त्याला रशियन उत्तम येत होतं. तो खारकिव्हकडे जाणाऱ्या गाडीत बसला, मध्येच उतरला आणि गावागावांतून पायी चालत गेला. शेतकऱ्यांच्या झोपड्यांत राहिला. भाकरी नाही, आम्ही मरतोय, हे त्याने लोकांच्या तोंडून त्यांच्याच भाषेत ऐकलं. २९ मार्चला बर्लिनला पोचल्यावर त्याने ते जाहीर केलं. दोनच दिवसांनी, ३१ मार्चला, ड्युरँटींची बातमी छापून आली: रशियन लोक भुकेले आहेत, पण उपाशी मरत नाहीत. कुपोषणामुळे होणाऱ्या आजारांनी बरेच मृत्यू होताहेत एवढं त्यांनी मान्य केलं होतं. वाक्यरचना बघा. त्यातला प्रत्येक शब्द तोलून मापून घातलेला आहे, सूर संयमी आहे, जोन्स नावाच्या उत्साही तरुणाच्या निष्कर्षाला घाईचा म्हणून सौम्य टोलाही आहे. ज्याला काही माहीत नाही अशा वाचकाला या दोघांतला वस्तुनिष्ठ कोण वाटेल? ड्युरँटीच.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ब्रिटिश वकिलातीने लंडनला पाठवलेल्या अहवालात ड्युरँटींचं खाजगी मत नोंदलं गेलंय: अन्नाअभावी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे एक कोटीपर्यंत माणसं मेली असणं शक्य आहे. म्हणजे त्यांना माहीत होतं.

ड्युरँटी साम्यवादी होते म्हणून असं झालं, हे उत्तर मला अपुरं वाटतं. युनायटेड प्रेसचे मॉस्कोतले बातमीदार युजीन लायन्स यांनी पुढे, १९३७ साली, जे लिहिलं ते जास्त बोलकं आहे. त्या वसंतात मॉस्कोत ब्रिटिश इंजिनिअरांवर हेरगिरीचा खटला उभा राहणार होता. सगळ्या जगाला त्याच्या बातम्या हव्या होत्या आणि कोर्टात बसू द्यायचं की नाही हे सेन्सॉरच्या हातात होतं. लायन्स यांच्या सांगण्याप्रमाणे बातमीदारांनी सेन्सॉरबरोबर बसूनच जोन्सला खोटं पाडायचं ठरवलं. त्यांच्या या कथनातले तपशील सगळ्याच इतिहासकारांना मान्य नाहीत. पण सौदा कसा चालतो ते त्यातून नीट कळतं. एक बातमी सोडायची, दुसरी मिळवायची. यात विचारसरणी लागतच नाही. व्हिसा, ओळखपत्र, मंत्र्याची मुलाखत, दौऱ्यावरच्या विमानातली जागा, यांतलं काहीही देऊ शकणारा प्रत्येक सत्ताधारी हा सौदा करू शकतो, आणि करतो.

जोन्सने मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून उत्तर दिलं. मॉस्कोतले बातमीदार सेन्सॉरशिपमुळे गुळगुळीत भाषेचे उस्ताद झालेत, दुष्काळाला ते 'अन्नटंचाई' म्हणतात, असं त्यात होतं. १९३५ साली, तीस वर्षांचाही झालेला नसताना, तो इनर मंगोलियात मारला गेला. ड्युरँटींचं पारितोषिक काढून घ्यावं अशी मागणी पुढे झाली. २००३ साली पुलित्झर मंडळाने ती नाकारली. पारितोषिक १९३१ सालच्या लेखनाला होतं, दुष्काळाच्या बातम्यांना नाही, आणि त्या लेखनात जाणूनबुजून फसवल्याचा ठोस पुरावा नाही, असं कारण मंडळाने दिलं.

याच्या उलटं प्रकरण स्पेनच्या यादवीत सापडतं. 'द टाइम्स ऑफ लंडन'साठी लिहिणारा जॉर्ज स्टीअर उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांच्या बाजूचा होता आणि ते त्याने कधी लपवलं नाही. २६ एप्रिल १९३७ला गेर्निका गावावर विमानांनी बाँब टाकले. बिल्बाओत ही खबर कळताच स्टीअर त्याच रात्री तिकडे गेला. गाव जळत असताना तो तिथे पोचला, गावातून बाहेर पडणाऱ्या माणसांशी बोलला, विमानं किती वेळ येत होती ते अनेकांना विचारून ताडून पाहिलं, जर्मन खुणा असलेले बाँबचे अवशेष पाहिले. २८ तारखेला त्याची बातमी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये छापून आली. जर्मनीची साथ असलेल्या बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने ताबडतोब खुलासा आला की गाव माघार घेणाऱ्या 'लाल' सैनिकांनीच पेटवलं. हा खुलासा स्पेनमध्ये कित्येक दशकं चालला. शेवटी १९९७ साली जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्त्सोग यांनी गेर्निकातून वाचलेल्यांना उद्देशून आपल्या देशाची जबाबदारी मान्य केली. गंमत म्हणजे 'द टाइम्स'चे तेव्हाचे संपादक जेफ्री डॉसन जर्मनीला दुखवायला अजिबात उत्सुक नव्हते. जर्मनांच्या भावना दुखावतील असं काही पेपरात येऊ नये म्हणून आपण रोज रात्री झटतो, असं त्यांनी त्याच सुमारास एका पत्रात लिहिलंय. तरी बातमी छापली गेली, कारण ती तपासून लिहिलेली होती आणि टाळता येण्यासारखी नव्हती.

तेव्हा बाजू असलेला माणूस बरोबर ठरला आणि संयमी सुरात लिहिणारा चुकीचा. याचा अर्थ बाजू घ्यावी असा नाही. स्पेनमध्ये बाजू घेऊन धादांत खोटं लिहिणारेही भरपूर होते, दोन्हीकडचे. पण बातमीदाराचं मन कुठे झुकलंय हे कळल्याने बातमी खरी की खोटी ते कळत नाही, एवढं मात्र दिसतं.

लिपमन यांनी १९२०च्या दशकात मांडलेला विचार नेमका हाच होता, आणि तो पुढे उलटा समजला गेला. पत्रकाराच्या मनात मतं नसतात किंवा नसावीत असं ते म्हणत नव्हते. मतं असणारच हे गृहीत धरून त्यांना कामाची अशी पद्धत हवी होती जी पाहणाऱ्याच्या मतांना आवर घालेल. प्रयोगशाळेतल्या माणसालाही आपला सिद्धांत खरा ठरावा असं वाटत असतंच, म्हणून तर मोजमापाचे नियम असतात. बातमीतही तसंच: हे कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, सांगणाऱ्याला कसं कळलं, त्याचा यात स्वार्थ काय, दुसऱ्या कुणी दुजोरा दिला का, आणि हे खोटं असेल तर कशावरून कळेल. वस्तुनिष्ठता असते ती या प्रश्नांत. पुढे मात्र ती एका लेखनशैलीवर येऊन थांबली: कोरडा सूर, 'अ म्हणाले, ब यांनी इन्कार केला', दोघांना सारखी जागा. पद्धतीला मेहनत लागते, शैली स्वस्तात मिळते.

या शैलीचं दिवाळं १९९०च्या दशकात बोस्नियाच्या युद्धात निघालं. राजधानी सारायेव्होला सर्ब फौजांचा वेढा पडलेला, टेकड्यांवरून शहरावर तोफगोळे, आणि बातम्यांमध्ये 'तिन्ही बाजू', 'शतकांचं वैर', 'सगळेच दोषी' ही भाषा. बीबीसीचे मार्टिन बेल तिथे १९९२ साली जखमी झाले होते. बऱ्या आणि वाइटाच्या मध्ये तटस्थ उभं राहण्याच्या पत्रकारितेवर आपला विश्वास राहिला नाही असं त्यांनी पुढे मांडलं आणि आस्था बाळगणाऱ्या पत्रकारितेची बाजू घेतली. सीएनएनच्या क्रिस्तियान अमानपूर यांचीही भूमिका त्याच वळणाची: सत्याशी बांधील राहा, तटस्थतेशी नाही. मला यातला राग पटतो, उपाय अर्धाच पटतो. कोण पीडित आणि कोण अत्याचारी हे आधी ठरलं की पीडितांच्या बाजूने झालेलं वाईट काम दिसेनासं होतं, आणि त्यांच्याकडून आलेला आकडा कुणी तपासत नाही.

एक पक्षपात असा आहे जो कुणाला पक्षपात वाटतच नाही. तो म्हणजे आपल्या सरकारचा. व्हिएतनाम युद्धाच्या वार्तांकनाचा अभ्यास करणारे डॅनियल हॅलिन यांनी १९८६ साली एक सोपी मांडणी केली. बातमीदारीच्या जगात तीन वर्तुळं असतात. सगळ्यात आतलं सहमतीचं. तिथे 'आपले जवान' म्हणायला कुणाला संकोच वाटत नाही, दुसरी बाजू विचारायची गरजही वाटत नाही. त्याच्या बाहेर मान्यताप्राप्त वादाचं, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक भांडतात ते विषय. समतोल फक्त इथे पाळला जातो. त्याच्याही बाहेर वेडगळ किंवा देशद्रोही मानल्या गेलेल्या मतांचं, ज्यांना जागाच मिळत नाही. हॅलिन यांना असं दिसलं की व्हिएतनामबद्दलच्या बातम्या टीकात्मक झाल्या त्या वॉशिंग्टनमधल्या सत्ताधारी वर्तुळातच फूट पडल्यावर. बातमीदार अचानक शूर झाले नव्हते, विषय एका वर्तुळातून दुसऱ्यात गेला होता. परराष्ट्र धोरणावर देशातले दोन्ही मोठे पक्ष एकमताने बोलत असले की बातम्या सगळ्यात कमी भरवशाच्या असतात, असा याचा एक अर्थ निघतो.

२००२-०३ मध्ये इराकच्या बाबतीत तेच झालं. इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत या दाव्यावर पहिल्या पानावर बातम्या आल्या. मे २००४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वाचकांसाठी निवेदन छापलं. सद्दामला हटवू पाहणाऱ्या परागंदा इराक्यांवर आपण फार विसंबलो, त्यांच्या सांगण्याला त्याच युद्धाची निकड वाटणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी दुजोरा दिला, आणि दाव्यांच्या बातम्या ठळक तर त्यांवर शंका घेणाऱ्या बातम्या आत कुठेतरी दडपल्या गेल्या, अशी ती कबुली होती. पळून आलेल्यांची सूत्रं, ऐकायला हवं तेच सांगणारी. लिपमन आणि मर्झ यांनी याच वर्तमानपत्रात हाच दोष दाखवला होता, आणि मध्ये ऐंशीहून जास्त वर्षं गेली होती. त्याच काळात नाईट रिडर वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल यांनी हे दावे कच्चे असल्याचं लिहिलं. त्यांच्याकडे मोठ्या लोकांच्या मुलाखती नव्हत्या. ते गुप्तचर आणि लष्करी खात्यांतल्या मधल्या फळीच्या माणसांशी बोलत होते, ज्यांना कागदपत्रं माहीत होती.

सैन्याबरोबर फिरणाऱ्या बातमीदारांबद्दल सरसकट काही म्हणता येत नाही. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पाकिस्तानी पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेलं, सगळं सुरळीत आहे हे लिहिण्यासाठी. सात जणांनी तसं लिहिलं. आठवे अँथनी मस्करेन्हस. अधिकारी त्यांच्यासमोर बिनधास्त बोलत होते, कारण ते 'आपले' होते. मस्करेन्हस यांनी लंडन गाठलं, कुटुंबाला कराचीतून बाहेर काढलं आणि १३ जून १९७१च्या 'संडे टाइम्स'मध्ये सगळं लिहिलं. वंशसंहार हा शब्द मथळ्यात होता. दौरा एकच, पाहिलेलं एकच.

आज प्रवेशाचा प्रश्न आणखी कडक झालाय. मार्च २०२२ मध्ये रशियाने कायदा केला की सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. युक्रेनवरच्या आक्रमणाला युद्ध म्हणणंही तिथे धोक्याचं झालं. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी बातमीदारांना स्वतंत्रपणे जाऊ दिलं गेलं नाही. इस्रायली सैन्याबरोबर, सैन्य नेईल तिथेच जाता आलं. मग बाहेरच्या जगाची भिस्त गाझातल्या पॅलेस्टिनी पत्रकारांवर आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांवर. १७ ऑक्टोबरला अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला तेव्हा अनेक मोठ्या माध्यमांनी काही मिनिटांत इस्रायली हल्ल्याचे मथळे दिले, शेवटी 'पॅलेस्टिनींचा दावा' अशी शेपटी जोडून. इस्रायलने इन्कार केला, मथळे बदलत गेले, आणि २३ ऑक्टोबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सुरुवातीच्या बातम्या हमासच्या दाव्यावर फार विसंबून होत्या असं मान्य केलं. 'अमुक म्हणाले' असं जोडलं म्हणजे बातमी तपासली गेली असं होत नाही, हे यातून दिसतं. आणि तपासायला स्वतंत्र माणूस आत जाऊ न देणाऱ्याला चुकांवर बोट ठेवण्याचा अधिकार किती, हा प्रश्नही त्याच बातमीचा भाग आहे. एका बाजूचे लोक पहिला मुद्दा सांगतात, दुसऱ्या बाजूचे दुसरा.

राहता राहिलो आपण, वाचणारे. १९८५ साली रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ साली बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. चित्रफिती दोघांना सारख्याच. दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. हे बघून तटस्थ माणूसही आपल्या विरोधात जाईल, अशी भीती दोन्ही गटांना होती. आणि ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपात जास्त दिसला. म्हणजे हे अडाणीपणाचं लक्षण म्हणून झटकून टाकता येत नाही.

संपादकांना या प्रयोगातून एक दिलासा काढायची सवय असते: दोन्ही बाजू आपल्याला शिव्या घालताहेत, त्याअर्थी आपण मध्यावर आहोत. हे तर्काला धरून नाही. बातमी चोख असली तरी दोन्ही बाजू चिडणार असतील, तर त्यांच्या चिडण्यावरून ती चोख आहे हे कसं कळणार? भिकार बातमीवरही दोघं चिडू शकतात. शिव्यांच्या ढिगात कुठेतरी एखादं पत्र असतं ज्यात लिहिलेलं असतं की त्या दिवशी तो पूल बंद होता, त्यामुळे तुमचा साक्षीदार तिथे असूच शकत नाही. डेस्कवरच्या माणसाने वेगळं काढून वाचावं असं पत्र ते, मग लिहिणारा कुठल्याही बाजूचा असो.